तुरा न येणारे बेणे : बैलाच्या रक्तातला सर्रा



गळीत हंगाम ऐन भरात असताना पहाटे कारखान्याच्या गाडीतळावर एक चक्कर मारून पाहावी. ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढल्या हे खरे, पण बैलगाडी काही अजून संपलेली नाही. पैनगंगेच्या अल्याडचे बैल, पल्याडचे लाल कंधारी बैल, कुणाचे गावठी, कुणाचे बाजारातून नुकतेच घेतलेले, असे शिंगाला शिंग लावून उभे असतात. गाडीवान चहाला गेलेले. बैल कुटार चघळतात, शेपटी हलवतात, मधूनच खूर आपटतात. खूर आपटला की समजावे, माशी चावली. ती माशी उठते आणि शेजारच्या बैलावर जाऊन बसते. या एवढ्याशा गोष्टीवरच आजचा लेख आहे.

पण आधी घरचीच हकिगत सांगतो. पोळा होऊन महिना झाला असेल. आमच्या जोडीतला डावा बैल एका सकाळी ढेपेला तोंड लावीना. अंग तापलेले, डोळ्यांतून पाणी. तापाचे इंजेक्शन दिले, दुसऱ्या दिवशी बैल उभा राहिला, खाऊ लागला. आम्ही म्हटले, सुटलो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा बरा. तिसऱ्या वेळेस सालदार म्हणाला, "मालक, हा ताप घर पाहून गेला हाये." आम्ही हसलो. चौथ्या वेळेस बैल दावणीभोवती गोल गोल फिरू लागला, भिंतीला डोके लावून उभा राहू लागला, मागचे पाय लटपटू लागले. तेव्हा कुठे पशुवैद्यक साहेबांना रक्त तपासायची विनंती केली. त्यांनी कानाच्या शिरेतला थेंब काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकात पाहिला आणि बाजूला होऊन मला म्हणाले, "या, तुम्हीच पाहा."

गोल गोल तांबड्या पेशींची दाटी होती. त्या दाटीत काहीतरी वळवळत होते. ते स्वतः नीट दिसत नव्हते, त्याच्या धक्क्याने आजूबाजूच्या पेशी हलत होत्या म्हणून कळत होते. उभ्या ज्वारीतून साप गेला की ताटे हलतात, तसे. तो सर्राचा जंतू होता. बैल दुसऱ्या दिवशी पहाटे गेला.

ताप तीन वेळा गेला आणि चार वेळा का आला, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्याचे उत्तर शोधत गेलो तेव्हा कळले की, सगळी गोम हा जंतू आपली संख्या कशी वाढवतो त्यात आहे. ते एकदा समजले की माशी, सुई, गोचीड, हिवताप, सगळ्याचा उलगडा होत जातो.

जंतू आणि त्याचे नाव

हा परोपजीवी जंतू म्हणजे अवघी एक पेशी. तीच त्याचे पोट, तीच त्याचे पाय, तीच त्याचा सारा प्रपंच. लांबी मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकी, म्हणजे बैलाच्या तांबड्या पेशीच्या चौपट. दोन्ही टोके निमुळती, एका कडेला झालर आणि पुढे चाबकाच्या वादीसारखी शेपटी. या वादीच्या फटकाऱ्याने तो रक्तात पोहतो. तांबड्या पेशीत तो शिरत नाही. तिच्या बाहेर, रक्ताच्या पाण्यात राहतो. शास्त्रीय नाव ट्रिपॅनोसोमा इव्हॅन्साय.

नावातला इव्हान्स हा इंग्रजी फौजेतला घोड्यांचा डॉक्टर. १८८० साली डेरा इस्माईल खान भागात, जो आता पाकिस्तानात आहे, फौजेचे घोडे आणि उंट झिजून झिजून मरत होते. ग्रिफिथ इव्हान्सने त्यांच्या रक्तात हा जंतू पाहिला आणि रोगाचे मूळ हेच आहे असे सांगितले. वरिष्ठांनी ते मनावर घेतले नाही. रक्तात असा जंतू असतो, पण तो निरुपद्रवी, अशी तेव्हाच्या मोठ्या मंडळींची समजूत होती. पुढे १८८५ मध्ये जे. एच. स्टील या दुसऱ्या डॉक्टरने ब्रह्मदेशातल्या खेचरांत तोच जंतू पाहिला आणि त्याला इव्हान्सचे नाव दिले. मौजेची गोष्ट अशी की, जंतू नेमका कोणत्या जातकुळीचा हे स्टीललाही बरोबर ओळखता आले नाही. पण हेच स्टीलसाहेब १८८६ साली मुंबईत परळला निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. पुढे १८८९ च्या डिसेंबरात पुण्याला जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली. तिथे अल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्राचा अभ्यास हाती घेतला. १८९३ मध्ये ती प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरला हलली. एकूण सर्राची ओळख पटवण्यात आपल्या मुलखाचाही वाटा आहे, हे लक्षात असू द्यावे.

उभी फाळणी

आता मुख्य मुद्दा. या जंतूला नर नाही, मादी नाही. एकाचे दोन होतात. आधी त्याच्या वादीशेजारी दुसरी बारीक वादी फुटते आणि जुनीच्या कडेकडेने वाढत जाते. मग आतला गाभा, ज्यात त्याची सारी वंशावळ लिहिलेली असते, त्याची नक्कल होऊन दोन गाभे होतात. मग तो पुढच्या टोकापासून उभा चिरत जातो. कुऱ्हाडीने लाकूड उभे फाडावे तसा. एक वादी या फाळीला, एक त्या फाळीला. दोघेही पूर्ण, दोघेही सारखेच. यात बाप कोणता आणि पोरगा कोणता, हे विचारण्यात अर्थ नाही. म्हातारा होऊन मरणे हा प्रकारच यात नाही.

आपल्याला हे नवे वाटायला नको. ऊस आपण असाच तर वाढवतो! दोन डोळ्यांची टिपरी तोडली, सरीत दाबली, की नवा ऊस. तो आधीच्या उसाचा पोरगा नव्हे, तोच ऊस पुन्हा. उसाला तुरा येतो हे खरे, पण तुऱ्याचे बी आपण पेरत नाही. बेण्यावरच चालते. सर्राच्या जंतूचेही तसेच, फक्त त्याला तुरासुद्धा येत नाही.

आणि वेग? या जातीच्या जंतूला एकाचे दोन व्हायला सहा-आठ तास पुरतात. आठ तास धरून कागदावर हिशेब मांडू. दिवसातून तीन वेळा दुप्पट, म्हणजे रोज आठपट. एक जंतू आत गेला. पहिल्या दिवसाअखेर ८, दुसऱ्या दिवशी ६४, तिसऱ्या दिवशी ५१२, चौथ्या दिवशी ४,०९६, पाचव्या दिवशी ३२,७६८. आणि दहाव्या दिवशी? १०७ कोटींवर. सावकाराचे व्याजसुद्धा इतके चढत नाही.

हा कागदी हिशेब आहे. खऱ्या अंगात काही जंतू मरतात, काही मागे पडतात. तरी त्यातून एक कामाची गोष्ट कळते. मध्यम बैलाच्या अंगात वीस-पंचवीस लिटर रक्त असते. २४ लिटर धरू. पाचव्या दिवशीचे ३२ हजार जंतू त्यात वाटले तर एका मिलिलिटरला एक-दीड जंतू येतो, आणि रक्ताचा एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग. म्हणजे चौदा-पंधरा थेंब तपासावे तेव्हा एखादा सापडणार. दहाव्या दिवशी मात्र तोच एक थेंब घेतला तर त्यात दोन हजारांवर जंतू. पहिल्या तपासणीत डॉक्टर साहेब "काही दिसत नाही" म्हणाले, तर ते खोटे बोलत नाहीत. जंतू नाही असेही नाही. तो मोजणीत सापडण्याइतका वाढलेला नसतो, एवढेच.

कोट बदलणारे चोर

इथे जाणत्या ऊसवाल्याच्या मनात एक शंका यायला हवी. सगळे जंतू एकाच बेण्याचे, सगळे सारखे, तर मग एका घावात सगळे का मरत नाहीत? को ७४० हे वाण जुन्या सभासदांना आठवत असेल. गोडी चांगली, उतारा चांगला, पण काणी रोगाला बळी पडायचे. सबंध वावर एकाच बेण्याचे; रोगाला एक ऊस लागू पडला की बाकीचेही लागू. मग बैलाचे रक्त सर्राचा असाच फडशा का पाडत नाही?

खरे तर पाडते! म्हणूनच तर ताप उतरतो. आम्हाला वाटले इंजेक्शनने उतरला. इंजेक्शनाने तात्पुरता आराम पडला असेल, पण मोठे काम बैलाच्या रक्तानेच केले होते. अंगात परके काही शिरले की शरीर त्याची खूण ओळखून त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. याला आठवडाभर लागतो. सर्राच्या जंतूची खूण म्हणजे त्याचा कोट. त्याच्या सबंध अंगावर एकाच जातीच्या प्रथिनाचे कण दाटीवाटीने उभे असतात, एका जंतूवर सुमारे एक कोटी. गव्हाचे शेत वरून पाहिले तर जमीन दिसत नाही, तशी या कोटाखाली जंतूची खरी कातडी दिसत नाही. प्रतिद्रव्ये तो कोट ओळखतात आणि कोटवाल्यांची सरसकट कत्तल करतात. ताप उतरतो. बैल ढेप खातो. घरधनी खूश.

पण त्या कोट्यवधींत काही मोजके असे असतात की, ज्यांनी विभागणी होता होता कोट बदललेला असतो. या जंतूच्या वंशावळीत एक नव्हे, शेकडो कोटांचे कापड बेतून ठेवलेले असते. एका वेळी अंगावर मात्र एकच. कुणी शिकवून नाही, कुणाला घाबरून नाही, आपसूक अधूनमधून एखादा जंतू जुना टाकून दुसरा चढवतो. कत्तल होते तेव्हा पोलीस लाल कोटवाले शोधत असतात. हा हिरव्या कोटात त्यांच्या समोरून निघून जातो. मग त्या एकापासून पुन्हा ८, ६४, ५१२... आठ-दहा दिवसांनी हिरव्या कोटाची फौज उभी, आणि पुन्हा ताप. शरीर हिरव्याची खूण शिकेपर्यंत कुणीतरी पिवळा घातलेला असतोच. आमच्या सालदाराने म्हटले होते, ताप घर पाहून गेला आहे. जात फक्त ताप होता. जंतू घरातच होता.

सर्रावर लस निघत नाही, याचे कारणही हेच. लस म्हणजे शरीराला आधी दाखवलेला चोराचा फोटो. इथे चोर एक आणि फोटो शेकड्यांनी, कोणता दाखवणार?

गाई-बैल आणि म्हशी यांच्यात तर हा जंतू कित्येकदा महिनोन्‌महिने गुपचूप राहतो. अंगावर दिसत काही नाही, दूध थोडे कमी, बैल थोडा रोडावलेला. मग ओझे पडले, वैरण आखडली, लांबची वाट झाली की एकदम उसळतो. घोडा आणि उंट यांना मात्र तो सहसा सोडत नाही.

माशी नव्हे, मळकी सुई

इतर परोपजीवी जंतू माशीच्या, डासाच्या, गोचिडाच्या पोटात मुक्काम करतात, तिथे वाढतात. सर्राचा मुक्काम नाही. मोठी गोमाशी रक्त पिता पिता बैलाने शेपटी मारली म्हणून उठली, तर तिच्या सोंडेला ओले रक्त लागलेले असते. शेजारच्या बैलावर बसून तिने सोंड खुपसली की ते रक्त आत. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये प्रयोगाने हे दाखवून दिले. रक्त वाळले की जंतू मेला, म्हणून हा सारा खेळ काही मिनिटांचा. माशी दूर जाऊन निवांत बसली तर धोका नाही. जवळचाच बैल धोक्यात. आता गाडीतळावरची ती शिंगाला शिंग लागलेली रांग पुन्हा डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात आणि त्यानंतर माश्यांचे दिवस असतात, सर्राचेही तेच.

हा जंतू असा मुक्काम सोडून का फिरतो, याची कथाही पाहण्यासारखी आहे. त्याचे मूळ भाऊबंद आफ्रिकेत आहेत. तिथे त्सेत्से नावाची माशी असते. तिच्या पोटात ते वाढतात, आणि तिच्या लाळग्रंथीत कधीकधी दोन जंतूंचे मीलनही होते. आफ्रिकेतून उंटांच्या तांड्यांबरोबर यातलाच एक वंश बाहेर पडला असे शास्त्रज्ञ मानतात. बाहेरच्या मुलखात त्सेत्से नव्हती. जंतूने मिळेल त्या माशीच्या सोंडेवर भागवले. पिढ्यान्‌पिढ्या तसे भागवता भागवता त्सेत्सेच्या पोटात जगायला लागणारी शिदोरीच त्याच्या वंशावळीतून गळून गेली. आता तो तिकडे परतू शकत नाही आणि मीलनाची जागाही त्याला उरली नाही. आणि इतके गमावूनही तो फिलिपीन्सपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचला; तिकडे तर रक्त पिणारी वटवाघळेही त्याला वाहून नेतात!

मळकी सुई म्हटले ते काही नुसते अलंकारिक नाही. आमचा डावा बैल दुसऱ्यांदा तापला तेव्हा उजवाही जरा सुस्त वाटत होता. मीच म्हटले, आता सिरिंज काढलीच आहे तर याला पण ताकदीचे एक टोचून टाका. सुई तीच. डाव्याच्या रक्ताने ओली झालेली. डावा गेल्यावर उजव्याचे रक्त तपासले, त्यातही जंतू निघाले. माशीने दिले की मी दिले, हे आता कोण सांगणार? पण दोन रुपये वाचवण्यासाठी गोमाशीचे काम मी स्वतः केले असण्याची शक्यता आहे, ही गोष्ट अजून टोचते.

शेजारच्या जिल्ह्यातली घटना

सर्रा हा जनावरांचा रोग, माणसाला होत नाही, असे पुस्तकांत लिहिलेले असे. २००४ साली आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला. यायचा, जायचा, पुन्हा यायचा. असे पाच महिने चालले. नागपूरच्या डॉक्टर मंडळींनी त्याचे रक्त पाहिले तर त्यात हाच जंतू! २००५ मध्ये ही हकिगत जगापुढे आली. माणसाला सर्रा झाल्याची आपल्या देशातली ती पहिली पक्की नोंद. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ त्यात सहभागी झाले. सुरामिन नावाचे औषध देऊन तो शेतकरी बरा झाला.

मग त्यालाच का? माणसाच्या रक्तात एक प्रथिन असते, ते या जंतूला भोक पाडून मारते. त्या शेतकऱ्याच्या अंगात जन्मतःच हे प्रथिन तयार होत नव्हते, असे २००६ मध्ये उघड झाले. त्याच्या गावातल्या १,८०६ लोकांची चाचणी केली, तेव्हा ४१० जणांच्या रक्तात पहिल्या चाचणीत संशयाची खूण दिसली. अधिक कडक चाचणीत ८१ उरले. त्यातल्या सर्वांत ठळक खूण असलेल्या ६० जणांचे रक्त बारकाईने तपासले, जिवंत जंतू एकाच्याही रक्तात नव्हता. म्हणजे जंतूशी गाठ पुष्कळांची पडली असावी, पण अंगातल्या त्या प्रथिनाने त्याला थारा दिला नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण तापलेल्या किंवा मेलेल्या जनावराचे ताजे रक्त उघड्या जखमेला लागू देऊ नये, एवढे तरी करावे.

ज्यांना तुरा येतो ते

सर्वच परोपजीवी असे बेण्यावर वाढत नाहीत. गोचीड तापाचा थायलेरिया घ्या. जर्सी, होल्स्टिन संकरित गाई घरोघर आल्या तसा हा रोग सगळ्यांना माहीत झाला. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, कधी मोसंबीएवढी होते, ताप उतरत नाही, गाय पांढरी पडते. हा जंतू गोचिडाच्या लाळेतून आत येतो आणि पांढऱ्या पेशीत, म्हणजे अंगाच्या शिपायातच, शिरतो. तिथे तो शिपायाला मारत नाही. त्याला वाढायला लावतो! पेशी दुभंगू लागली की जंतू तिच्या दुभंगण्याच्या दोऱ्यांना धरून राहतो आणि पेशीबरोबर स्वतःही वाटला जातो. दोन पेशी झाल्या, दोन्हींत जंतू. घरमालकाला राबवून भाडेकरूने आपली वस्ती वाढवावी, तसा प्रकार. गाठ सुजते ती या बेफाम वाढलेल्या पेशींनी. बुपारवाक्वोन औषधाने आतला जंतू मेला की पेशीचे हे वेड थांबते. पण ते लवकर द्यावे लागते. यावर कोषसंवर्धनातून तयार केलेली लसही आपल्या देशात निघाली आहे, कारण हा बिचारा सर्रासारखे कोट बदलत नाही.

पुढे हा जंतू तांबड्या पेशींत जातो आणि वाट पाहतो. कशाची? गोचिडाची. गोचिडाने रक्त प्यायले की त्याच्या आतड्यात यांचे नर-मादी तयार होतात, तिथे मीलन होते. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात, जे १९१२ साली सुरू झाले, तुऱ्याशी तुरा मिळवून नवे वाण काढतात ना, तेच काम गोचिडाच्या पोटात फुकट चालते. आपला को ८६०३२ हा को ६२१९८ आणि को सी ६७१ यांचा संकर. दोघांचे गुण त्यात उतरले. जंतूंच्या मीलनातूनही असेच नवे मिश्रण निघते. एकात औषध पचवण्याची ताकद, दुसऱ्यात जोराने वाढण्याची. पोरात दोन्ही येऊ शकतात.

हिवतापाचेही तसेच. माणसाच्या अंगात त्याचे जंतू आधी काळजात, मग तांबड्या पेशींत वाढतात आणि नेहमीच्या दोन जातींत दर ४८ तासांनी पेशी फोडून एकदम बाहेर पडतात. एक दिवसाआड हुडहुडी भरते ती यामुळे. पण मीलन मात्र डासाच्या पोटात. माणसाचे रक्त डासाच्या पोटात जाऊन गार झाले की नराला जाग येते, एकाचे आठ तंतू सुटतात आणि मादीला शोधतात. मग डासाच्या पोटाच्या भिंतीवर फोड येतात, त्यांत हजारो जंतू भरतात. हे फोड रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी पहिल्यांदा पाहिले, ते कुठे? सिकंदराबादेत. आपल्या पांढरकवड्यावरून जो रस्ता दक्षिणेला हैदराबादकडे जातो, त्याच्या टोकाला!

लाल लघवीच्या रोगाचा, बबेसियाचा, जंतू आणखी पुढचा. तो गोचिडाच्या अंड्यांतच उतरतो. मादी गोचीड जमिनीवर पडून दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. पिल्ले जन्मतःच रोग घेऊन निघतात.

तेव्हा कुठे घाव घालायचा, हे जंतूची वाढ पाहून ठरते. सर्राला गोचिडाचे औषध लावून उपयोग नाही. तिथे माशी आणि सुई. नवा आणलेला किंवा तापलेला बैल रांगेपासून चाळीस-पन्नास पावले दूर बांधा. उठलेली माशी एवढे उडून जाण्यापेक्षा बहुधा त्याच बैलावर परत बसते. प्रत्येक जनावराला नवी सुई. थायलेरियाला कोठ्याच्या भिंतीच्या भेगा. तिथेच तो तपकिरी गोचीड दिवसा लपतो आणि अंडी घालतो. भेगा लिंपून, चुना मारून घ्या. दुसरे असे की, गोचीड चिकटल्या चिकटल्या रोग देत नाही. त्याच्या लाळेतले जंतू तयार व्हायला बहुधा दोन-तीन दिवस लागतात. रोज हात फिरवून काढलेला गोचीड म्हणजे वाचलेली गाय. हिवतापाला आठवड्यातून एकदा घरचे साठवणीचे पाणी ओतून कोरडे करणे आणि कालव्याच्या पाझराचे डबके वाहते करणे, कारण डासाची अळी त्याच पाण्यात आठवडाभर वाढत असते.

आणि रक्त तपासायचे तर तापाचे इंजेक्शन देण्याआधी, अंग कडक तापलेले असताना. तेव्हाच रक्तात फौज भरलेली असते. ताप उतरल्यावर नेलेली काचपट्टी कोरी निघते, आणि आपण जनावर निरोगी समजून गाडीला जुंपतो. सर्राचा संशय असेल तर ताजा ओला थेंब, तिथल्या तिथे पाहायला सांगावे. गोचीड तापाचा असेल तर सुजलेल्या गाठीतले पाणीही सुईने काढून तपासतात. एकदा कोरे आले तर आठवड्याने पुन्हा.

आमच्या उजव्या बैलाला सर्राचे औषध डॉक्टर साहेबांनी वजन मोजून, पूर्ण मात्रेत दिले. अर्धे दिले तर वाचलेले जंतू औषधालाच सरावतात, असे ते म्हणाले. नंतर दोन वेळा, आठवड्याच्या अंतराने, रक्त नेले. दोन्ही वेळा मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ पाहत राहिलो. तांबड्या पेशी एका जागी शांत पडून होत्या, कुणी त्यांना धक्का देत नव्हते. त्याला नवा जोडीदार आणला तो महिनाभर चिंचेखाली वेगळा बांधला आणि मगच दावणीला घेतला. ती जोडी पुढे चार हंगाम ऊस वाहत होती.